ब्रेड विटेसारखा का होतो, आणि सॉसमध्ये गुठळ्या का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच माणसं, त्यांत दोन लहान मुलं. दोघांच्याही नोकऱ्या. आठवड्यातून दोन-तीनदा घरचा ब्रेड, एखादा सॉस आणि काहीतरी तोंडी लावणं असं साधं जेवण करायचंय. पण ब्रेड विटेसारखा घट्ट होतो, व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या राहतात आणि सगळं एकाच वेळी टेबलावर कधी येतच नाही.

मी आधी बेकरीत आणि नंतर स्वयंपाकाच्या वर्गांत मिळून वीसएक वर्षं पीठ हाताळते आहे. त्यावरून सांगते, तुमचे कष्ट कमी पडत नाहीयेत, जास्त होतायत. ज्यांचा ब्रेड बिघडतो ती माणसं आळशी नसतात. ती यीस्ट जास्त घालतात, हाताला चिकटतंय म्हणून वरून पीठ भुरभुरवतात, दमेपर्यंत मळतात आणि मग दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतात. ब्रेडमध्ये हाताचं काम जेमतेम वीस मिनिटांचं. बाकीचं वेळ करतो, आणि तो वेळ तुम्ही ऑफिसात असा नाहीतर झोपेत, पिठाला काही फरक पडत नाही.

आधी विटेचं बघू. तिचं कारण बहुतेक वेळा कपात सापडतं. चाळून हलक्या हाताने भरलेल्या कपात साधारण १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला की १६० ग्रॅमपर्यंत जातो. चार कपांत कोणाचं ५०० ग्रॅम होतं, कोणाचं ६४०. पाणी मात्र दोघीही ३५० मिलिलिटरच घालतात. पहिलीच्या पिठात पाणी ७० टक्के, दुसरीच्या पिठात ५५ सुद्धा नाही. दुसरीची वीट होते आणि ती यीस्टच्या कंपनीला दोष देते. तेव्हा पहिली खरेदी ओव्हनची नको, साध्या डिजिटल वजनकाट्याची करा.

काटा आला की पाककृती पाठ करायची गरज संपते. बेकरीतली माणसं पीठ १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात. रोजच्या साध्या ब्रेडला पाणी ७०, मीठ २, इन्स्टंट यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. पाहुणे आले, दीडपट करायचंय? सगळ्याला दीडने गुणा. मैदा घेताना पाकिटावर प्रथिनं बघा. १०० ग्रॅममागे ११ ते १३ ग्रॅम असतील तर ब्रेडला उत्तम. नऊच्या आसपास असतील तर पाणी ६५ टक्क्यांवर आणा, नाहीतर गोळा पसरेल.

आता कृती, आणि ही जरा निवांत वाचा. मोठ्या भांड्यात पीठ, मीठ, यीस्ट एकत्र करून पाणी ओता आणि लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा. दोन मिनिटं पुरतात. जे तयार होईल ते दिसायला भयंकर असेल: ओबडधोबड, चिकट, गाठी गाठी. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि हात पिठाच्या डब्याकडे जातो. तो आवरा. भांडं झाका आणि अर्धा तास दुसरं काहीतरी करा. परत याल तेव्हा त्याच गोळ्याची कातडी बदललेली दिसेल. कोणी हात लावलेला नसतो, तरी तो मऊ आणि एकसंध झालेला असतो. गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या दोन प्रथिनांना पाणी मिळालं की ती आपोआप एकमेकांत गुंतून ग्लूटेनची जाळी विणू लागतात. मळणं हा ते काम लवकर उरकण्याचा एक मार्ग, एकमेव नव्हे. फ्रान्सचे ब्रेडतज्ज्ञ रेमों काल्वेल यांनी १९७० च्या दशकात पीठ-पाणी नुसतं भिजवून ठेवण्याच्या या पद्धतीला ‘ऑटोलिझ’ असं नाव दिलं. २००६ साली न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांचा न मळता केलेला ब्रेड वर्तमानपत्रात छापून आला आणि घरोघरच्या लोकांनी मळणंच सोडलं.

अर्ध्या तासाने हात ओला करा. पिठाचा नाही, पाण्याचा हात. गोळ्याची एक बाजू चिमटीत धरून वर ताणा, आता फाटेल असं वाटलं की थांबा आणि पलीकडे दुमडा. भांडं पाव फिरवून पुन्हा तेच. चारही बाजूंनी झालं की एक घडी पूर्ण. वीस-वीस मिनिटांनी अशा तीन घड्या घाला. पहिल्या घडीला पीठ लिबलिबीत असतं, ताणलं की चिरतं. दुसरीला ते थोडा विरोध करतं. तिसऱ्या घडीला अख्खा गोळा भांड्यातून गादीच्या खोळीसारखा उचलला जातो आणि बोटाने दाबलं तर परत वर येतो. हा बदल एकदा बोटांना कळला की कुठल्या व्हिडिओची गरज उरत नाही.

नोकरी करणाऱ्या घरासाठी खरी गंमत पुढे आहे. यीस्ट निम्मं करा, म्हणजे अडीच ते तीन ग्रॅम, आणि दुसरी-तिसरी घडी झाल्यावर भांडं झाकून सरळ फ्रिजमध्ये ठेवा. चार अंशांच्या आसपास यीस्ट रेंगाळतं, पण पूर्ण थांबत नाही. पिठातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करत राहतात, त्यामुळे चवही सुधारते आणि वरचा रंगही खरपूस येतो. असं पीठ पहिल्या रात्रीनंतर तीन दिवसांत कधीही वापरा. सोमवारी रात्री एक किलो मैद्याचं भिजवलं तर मंगळवारी अर्ध्याचा लोफ, गुरुवारी उरलेल्याचा ट्रेमधला ब्रेड. मला विचाराल तर घरच्या ब्रेडसाठी फ्रिज ओव्हनपेक्षा उपयोगाचा आहे.

फुगण्याची वेळ मी घड्याळाने सांगत नाही, कारण घड्याळाला स्वयंपाकघर किती गरम आहे ते कळत नाही. ३२ अंशांत जे पाऊण तासात होतं त्यालाच २० अंशांत दोन तास लागू शकतात. बोट ओलं करून गोळ्यात अर्धा इंच खुपसा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला. तसाच राहिला तर उशीर झालाय. पुन्हा गोळा वळून अर्धा तास द्या, पदार्थ वाया जात नाही. उन्हाळ्यात गार पाण्याने भिजवा, थंडीत कोमटाने. कोमट म्हणजे बोट बुडवल्यावर गरम वाटू नये इतपत. ५५-६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं आणि मेलेल्या यीस्टवर इलाज नाही. डबा बरेच महिने उघडा असेल तर आधी चाचणी घ्या: १०० मिलिलिटर कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर टाकून द्या.

मिठाबद्दल माझी एक फजिती सांगते. बेकरीत नवी असताना एका पहाटे मी आठ किलो पिठात मीठच घालायला विसरले. पीठ नेहमीच्या निम्म्या वेळात टम्म फुगलं, मला वाटलं आज हात चांगला लागलाय. गोळे वळायला घेतले तर ते हातात थांबेचनात, टेबलावर वितळल्यासारखे पसरत होते. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि ग्लूटेनला आवळून धरतं, हे मी त्या दिवशी शिकले. भाजल्यावर चव तर कागदासारखी होतीच. मुकादमाने त्यातला एक पाव मला डब्यात बांधून दिला, म्हणाला, घरी जाऊन खा. तेव्हापासून मी मीठ आधी मोजून समोर ठेवते, त्याशिवाय पाण्याला हात लावत नाही.

भाजणं. लोफच्या टिनमध्ये (साधारण २३ सेंटिमीटर लांब टिनला ५०० ग्रॅम मैद्याचं पीठ बसतं) २२० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. जाड कवचाचा गोल ब्रेड हवा असेल तर झाकणाचं जाड भांडं ओव्हनमध्येच २४० अंशांवर अर्धा तास तापवा, गोळा बेकिंगच्या कागदासकट आत सोडा, ३० मिनिटं झाकून आणि १५ मिनिटं उघडा भाजा. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडते, वरची साल लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुलायला जागा मिळते. झाला की नाही ते रंगावरून ठरवू नका. आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. मग जाळीवर ठेवा आणि कमीत कमी पाऊण तास सुरी लावू नका. आत अजून वाफ असते, स्टार्च बसायचा असतो. लगेच कापलेला ब्रेड कच्चा लागतो तो खरोखर कच्चा असतो म्हणून नाही, घाईने कापला म्हणून.

कामाच्या दिवशी मात्र लोफच्या भानगडीत पडू नका, ट्रेमधला चपटा ब्रेड करा. ट्रेमध्ये तीन मोठे चमचे तेल पसरायचं, फ्रिजमधलं पीठ त्यात ओतायचं, तासभर झाकून ठेवायचं. मग तेलाच्या बोटांनी तळापर्यंत खळगे पाडायचे, वर भरड मीठ, कांद्याच्या चकत्या, जे असेल ते. २२० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. वळणं नाही, आकार नाही, आणि हा गरम कापला तरी चालतो. मुलांना खळगे पाडायला दिले की ती जेवायलाही आपणहून येतात.

मुलांसाठी मऊ पाव हवा असेल तर ‘तांगझोंग’ करून बघा. एकूण ५०० ग्रॅम मैद्यातला २५ ग्रॅम मैदा १२५ ग्रॅम दुधात कालवून मंद आचेवर ६५ अंशांपर्यंत, म्हणजे खिरीसारखा दाट होऊन चमच्याची रेघ राहीपर्यंत शिजवायचा. गार झाला की उरलेला मैदा, २१० ग्रॅम दूध, एक अंडं, प्रत्येकी ४० ग्रॅम लोणी आणि साखर, १० ग्रॅम मीठ, ६ ग्रॅम यीस्ट यांत मिसळायचा. अंडं नको असेल तर दूध ४० ग्रॅम वाढवा. शिजलेला स्टार्च खूप पाणी धरून ठेवतो, म्हणून हे पाव तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. इथे मात्र घड्या पुरत नाहीत. दहा-बारा मिनिटं खरंखुरं मळावं लागतं, लोणी शेवटी. हे १८० अंशांवर भाजायचे आणि आतलं ८८-९० अंशांना काढायचे.

गव्हाचं पीठ वापरायचं तर एकदम शंभर टक्क्यांवर उडी मारू नका. तिसरा हिस्सा गव्हाचं, बाकी मैदा, पाणी ७५ टक्के. कोंडा पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो, शिवाय त्याच्या कडा ग्लूटेनची जाळी तोडतात, म्हणून पहिली विश्रांती तासाभराची द्या.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. हे मी वर्गात दहादा सांगते आणि तरी लोक ठेवतात. ब्रेड शिळा होतो तो वाळून कमी आणि स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा घट्ट झाल्याने जास्त, आणि ते काम फ्रिजच्या तापमानातच सगळ्यात लवकर होतं. दोन दिवसांचा बाहेर ठेवा, उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये. काप गोठलेलाच टोस्टरमध्ये टाकला तरी चालतो.

यीस्ट नाही, वेळ नाही, ओव्हनही नाही, अशा दिवशी: ३०० ग्रॅम मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, ५ ग्रॅम मीठ, २०० ग्रॅम दही, लागेल तसं दोन-तीन चमचे पाणी. गोळा वीस मिनिटं झाकून ठेवायचा, सहा-सात भाग करून लाटायचे, जाड तव्यावर चांगल्या आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. फोड आले, डाग पडले की काढून लोणी फिरवा आणि कापडात गुंडाळून ठेवा.

आता सॉस. व्हाइट सॉसच्या गुठळ्यांमागे साधं कारण आहे. कोरडा मैदा गरम दुधात पडला की कणांचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. आधी लोण्यात परतलं की प्रत्येक कणाभोवती स्निग्धतेचं वेष्टण बसतं, कण सुटे राहतात. म्हणून ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, ५०० मिलिलिटर दूध. भाजीवर लपेटेल असा सॉस होतो. लोणी वितळलं की मैदा घाला आणि मंद आचेवर दोन मिनिटं परता. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या बिस्किटासारखा वास येईल, रंग मात्र बदलू देऊ नका. मग भांडं आचेवरून उतरवा. ही पायरी सगळे गाळतात. उतरवलेल्या भांड्यात पहिलं पळीभर दूध घाला आणि तारेच्या फेटणीने ढवळा. ते एकदम मातीच्या गोळ्यासारखं घट्ट होईल, घाबरू नका, तेच हवंय. घट्ट गोळ्यात गुठळ्या घासून मोडतात, पातळ दुधात त्या नुसत्या पोहत राहतात. तो गोळा गुळगुळीत झाला की दुसरी पळी. पुन्हा गुळगुळीत. तिसऱ्या पळीनंतर उरलेलं सगळं ओतलं तरी हरकत नाही. दूध गार हवं की गरम यावर लोक भांडतात. थोडं थोडं घातलंत तर दोन्ही चालतं.

आता परत आचेवर, आणि उकळी येऊ द्या. मैद्याचा पूर्ण दाटपणा ९५ अंशांच्या वर जाऊनच येतो. उकळीआधीच ‘झाला’ म्हणून उतरवला तर तो पातळही राहतो आणि पिठूळही लागतो. मंद आचेवर आणखी पाच मिनिटं, बुडाशी लागू न देता. मीठ, मिरपूड, जायफळ किसून. गार होताना तो आणखी दाटतो, म्हणून हवाय त्यापेक्षा थोडा सैल असतानाच उतरवा. चीज घालायचं असेल तर आच बंद करून घाला, किसून, १०० ग्रॅमपर्यंत. उकळत्या सॉसमध्ये चीजची प्रथिनं आखडतात, तूप सुटतं आणि सॉस रवाळ होतो. एवढं करूनही गुठळ्या राहिल्याच तर गाळून घ्या नाहीतर ब्लेंडर फिरवा. कोणाला कळणार नाही, मीसुद्धा करते.

टोमॅटो सॉसमध्ये कौशल्य कमी, संयम जास्त. तीन मोठे चमचे तेल, लसणाच्या चार पाकळ्यांचे पातळ काप गार तेलातच टाकायचे आणि मग आच लावायची, म्हणजे लसूण करपत नाही. करपला तर टाकून पुन्हा सुरू करा; तो कडूपणा कशानेही झाकत नाही. चमचाभर टोमॅटो पेस्ट त्यात विटकरी रंगावर येईपर्यंत परता. मग किलोभर पिकलेले टोमॅटो चिरून किंवा ४०० ग्रॅमचे दोन डबे, ८ ग्रॅम मीठ, आणि अर्धा तास उघड्या भांड्यात आटवायचं. तळाशी चमचा ओढला की वाट क्षणभर मोकळी राहते आणि कडेला तेल चमकतं, तेव्हा झाला. आंबट वाटला तर लोक मूठभर साखर ओततात आणि तो बाटलीतल्या सॉससारखा लागायला लागतो. त्यापेक्षा सुरुवातीला एक गाजर किसून घाला किंवा शेवटी लोण्याचा खडा. फारच आंबट असेल तर सोड्याची अगदी चिमूट. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, टोमॅटोचं आम्ल धातू ओढतं आणि चव बिघडते. दुप्पट करून अर्धा गोठवा, तीन महिने चांगला राहतो.

गार सॉसांपैकी मुलांना आवडणारा म्हणजे मेयोनीज, पण कच्च्या अंड्याचं घरी लहान मुलांना देऊ नये असं माझं मत आहे. दुधाचं करा: १०० मिलिलिटर गार दूध, २०० मिलिलिटर वास नसलेलं तेल, मीठ, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट. उंच भांड्यात हँड ब्लेंडर तळाला टेकवून पंधरा-वीस सेकंद हलवू नका, मग सावकाश वर उचला. दुधातली प्रथिनं तेलाचे थेंब धरून ठेवतात. दाट झाल्यावर दोन चमचे लिंबूरस. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. सॅलडला याहून सोपं: तीन भाग तेल, एक भाग लिंबू किंवा व्हिनेगर, थोडी मोहरी पेस्ट, बरणीत घालून खळखळवा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. तेलात लसूण घालून बरणी ओट्यावर ठेवायची पद्धत दिसते, तसं करू नका. लसणावर मातीतून आलेले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते, आम्ल नसतं, त्यांना तेच हवं असतं, आणि वासावरून काही कळत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला अशा लसूण-तेलामुळे तीसहून अधिक माणसं आजारी पडली होती. लागेल तेवढं ताजं करा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवा.

तोंडी लावण्याचं मी फार लांबवत नाही, कारण तिथे चुकायला जागा कमी आहे. भाज्या ओव्हनमध्ये भाजताना एकच चूक होते: ट्रे गच्च भरतात. मग भाज्या भाजत नाहीत, एकमेकींच्या वाफेत उकडतात. धुतल्यावर पुसून कोरड्या करा, तेल चोळा, तुकड्यातुकड्यांत बोटभर जागा सोडा, २२० अंश. बटाटे खरपूस हवेत तर फोडी आधी दोन लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा सोडा आणि मीठ घालून दहा मिनिटं उकडा, निथळून झाकण लावून भांडं जोरात हलवा. सोड्याने कडा भुसभुशीत होतात, हलवल्यावर त्यांची पेस्ट होऊन बटाट्यालाच लेप बसतो, आणि तो लेपच पुढे कुरकुरीत होतो. कुस्करलेल्या बटाट्याला मात्र मिक्सर कधीही लावू नका, स्टार्च फुटून डिंक होतो.

कोबीचं सॅलड पाणचट होत असेल तर बारीक चिरलेल्या कोबीला वजनाच्या दीड टक्का मीठ चोळून अर्धा तास ठेवा, पिळा, मग सॉस घाला. घेवड्याच्या शेंगा उकळत्या पाण्यात चार मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. लिंबू अगदी वाढताना पिळा, आम्लाने हिरवा रंग मातकट होतो. राजम्याचं सॅलड करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळ उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं, ते मंद आचेवर शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये नीट मरत नाही.

आणि सगळं एका वेळी टेबलावर कसं आणायचं? सगळं गरम आणायचा हट्ट सोडून. एका जेवणात एकच गोष्ट चुलीवरून थेट ताटात यायला हवी. साडेआठला जेवायचं असेल तर सहाला पीठ फ्रिजमधून काढून तेलाच्या ट्रेमध्ये टाका. साडेसहाला टोमॅटो सॉस चढवा, सातला उतरवून झाका, तो तासभर थांबतो आणि थांबल्यावर जास्त चांगला लागतो. त्या वेळात कोबीला मीठ लावून ठेवा. साडेसातला ब्रेड आत, आठला बाहेर. सव्वाआठला कोबी पिळून कालवा, सॉस पुन्हा गरम करा. मधल्या वेळात मुलांचा अभ्यास घेऊन होतो, मी घेतलाय. फक्त पहिल्याच आठवड्यात व्हाइट सॉस आणि लोफ एकाच संध्याकाळी करायला जाऊ नका, दोघांनाही तुम्ही त्याच पंधरा मिनिटांत समोर हव्या असता.

ओव्हनच्या आकड्यांवर फार विश्वासही ठेवू नका. घरगुती ओव्हन वीस अंश इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे. ब्रेड दोनदा फिका निघाला तर आतमध्ये ठेवायचा स्वस्त थर्मामीटर आणा.

ट्रेमध्ये टाकताना भांड्याच्या तळाशी लिंबाएवढं पीठ चिकटून राहिलं तर भांडं धुऊ नका. पुढचं पीठ त्याच भांड्यात भिजवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांपर्यंतचं जुनं पीठ नव्यात मुरलं की पहिल्या दिवशीच्या ब्रेडलाही तिसऱ्या दिवसाची चव येते.